त्यांतला खरा रायकर कोणता?

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेच्या सहाव्या पर्वातला 'सेकंड चान्सेस' हा भाग २४ मे १९९३ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. मी तो प्रथम पाहिला तेव्हा एक हळवी प्रेमकथा म्हणून पाहिला आणि शेवटी डिआना ट्रॉयसाठी, म्हणजे नायक विल रायकरच्या पूर्वीच्या प्रेयसीसाठी, थोडे वाईट वाटून उठलो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र सुरुवातीच्याच एका प्रसंगापाशी अडकलो. मुख्य अभियंता जॉर्डी ला फोर्ज घडलेल्या अपघाताचे कारण दोन-चार वाक्यांत सांगून मोकळा होतो, ऐकणारे ते मान्य करतात आणि कथा पुढे सरकते. पण त्या दोन-चार वाक्यांचा सरळ अर्थ लावला, तर सहा पर्वे आपण ज्याला रायकर म्हणून ओळखत आलो, त्या माणसाच्या रायकरपणाविषयीच शंका उभी राहते. ही शंका नेमकी कोणती, विज्ञान तिच्याविषयी काय म्हणते आणि या भागाने तिला कसे हाताळले, हे जरा सावकाश पाहू.

आधी कथा. नर्वाला-४ या ग्रहाभोवती एक विकृती-क्षेत्र आहे आणि कित्येक वर्षांतून एकदा, तेही थोड्याच वेळापुरते, ते इतके विरळ होते की ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसाला एका जागी विरघळवून किरणाने दुसऱ्या जागी पुन्हा जमवणाऱ्या यंत्राने, ग्रहावर उतरता येते. आठ वर्षांपूर्वी तिथले संशोधन केंद्र घाईघाईने रिकामे करावे लागले होते. त्या मोहिमेत 'पोटेम्किन' जहाजावरचा तरुण लेफ्टनंट विल रायकर कसाबसा वर परतला. पुढे त्याला बढत्या मिळत गेल्या आणि आज तो 'एंटरप्राइज' जहाजावर कमांडर आहे. केंद्रात मागे राहिलेली माहिती आणायला तो पुन्हा खाली उतरतो आणि त्याला समोर स्वतःच भेटतो. चेहरा तोच, दाढीही तीच, फक्त कमांडरच्या लाल गणवेशाऐवजी अंगावर पिवळा गणवेश. हा दुसरा माणूस आठ वर्षे त्या ओसाड केंद्रात एकटा राहिलेला आहे. आपण वर जायला निघालो होतो, जाता आले नाही आणि नंतर कोणी न्यायला आले नाही, एवढेच त्याला ठाऊक आहे. त्याच्या लेखी विल रायकर एकच आहे आणि तो स्वतःच आहे.

ला फोर्जचा खुलासा असा : आठ वर्षांपूर्वी विकृती-क्षेत्रातून रायकरला खेचून घेताना संकेत क्षीण होऊ लागला, म्हणून 'पोटेम्किन'वरच्या ट्रान्सपोर्टर-प्रमुखाने जोडीला दुसरा किरण सोडला. प्रत्यक्षात पहिल्या किरणानेच काम भागले. दुसरा किरण विकृती-क्षेत्रावर आपटून खाली परतला आणि त्याने केंद्रात आणखी एक पूर्ण रायकर उभा केला. डॉक्टर बेव्हर्ली क्रशर दोघांची तपासणी करते. दोघांची जनुके सारखी आहेतच, पण तेवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण प्रयोगशाळेत वाढवलेल्या क्लोनची जनुकेही सारखीच असतील. मेंदूची घडण मात्र ज्याच्या त्याच्या अनुभवाने आकार घेते, आणि इथे तीही किरकोळ फरक वगळता सारखी निघते. म्हणजे हा क्लोन नाही आणि तोतयाही नाही. दोघांचे बालपण एकच आहे, दोघांनाही ते सारखेच आठवते आणि दोघांच्याही आठवणी खऱ्या आहेत.

बहुतेक प्रेक्षकांचे मन या ठिकाणी आपोआप एक सोय करून घेते, आणि माझ्याही मनाने ती केली होती. वर पोहोचला तो मूळ आणि खाली उरला ती प्रत, असे आपण गृहीत धरतो. कारण कमांडरला आपण सहा पर्वे पाहिलेले असते आणि लेफ्टनंटला जेमतेम दहा मिनिटे. पण यंत्राच्या बाजूने विचार केला, तर दोन्ही किरण एकाच नमुन्यावरून निघाले, एक जहाजात उतरला, एक जमिनीवर. दोघेही त्या क्षणी नव्याने रचले गेले. उलट ज्या ठिकाणाहून प्रवास सुरू झाला त्याच ठिकाणी लेफ्टनंट उभा राहिला, हा निकष लावला तर त्याचाच दावा काकणभर सरस ठरेल. माझ्या अंगावर काटा आला तो इथे. आणि मग दुसरा विचार आला : अपघात न होता जो प्रवास पार पडतो, त्यात तरी वेगळे काय घडते?

ट्रान्सपोर्टर जन्माला आला तो काटकसरीतून, हे इथे सांगितले पाहिजे. १९६६ साली मूळ मालिका सुरू झाली तेव्हा दर आठवड्याला एवढे मोठे जहाज नव्या ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चाच्या दृष्टीने अशक्य होते. त्यापेक्षा चकाकणाऱ्या प्रकाशात माणसे विरघळवून खाली पुन्हा जमवणे स्वस्त पडले. तेव्हा यंत्राच्या तपशिलांत कोणी फार शिरले नाही. पुढे जाणकार प्रेक्षक हायझेनबर्ग यांच्या अनिश्चिततेच्या तत्त्वाचा आक्षेप घेऊ लागले. कणाचे स्थान आणि संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत, मग हे यंत्र माणसाचा नकाशा काढते तरी कसे? त्यावर मालिकेने 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा सुटा भाग कल्पून टाकला. हा भाग कसा चालतो, असे मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा यांना विचारले असता त्यांनी तो अगदी छान चालतो, असे आभार मानून सांगितले. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते.

आता कल्पना बाजूला ठेवून हिशेब मांडू. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ७ × १०^२७ अणू असतात, म्हणजे सातावर सत्तावीस शून्ये. प्रत्येक अणूची माहिती एका बाइटमध्ये मावते असे धरले, जे फारच कंजूसपणाचे आहे, तरी ती साठवायला २० टेराबाइटच्या साडेतीन कोटी कोटी हार्ड डिस्क लागतील. त्या एकावर एक रचल्या, तर हा मनोरा पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या साठपट, म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेच्याही दुप्पट लांब जाईल. द्रव्याचा प्रश्न याहून अवघड आहे. एका रायकरचे दोन झाले, तर दुसऱ्याचे ऐंशी किलो द्रव्य आले कुठून? ते ऊर्जेतून घडवले म्हणावे, तर आइन्स्टाइनच्या समीकरणानुसार सुमारे ७ × १०^१८ ज्यूल ऊर्जा लागेल, आणि ती हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या लाखपटीहून अधिक आहे. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने जास्तीचा किरण सोडला, तेवढ्याने ही तरतूद झाली असे मानणे कठीण आहे. भाग या प्रश्नाकडे फिरकतही नाही, आणि कथेच्या दृष्टीने त्याने ते बरेच केले.

पण माहिती आणि ऊर्जा या शेवटी प्रमाणाच्या अडचणी झाल्या. उद्या मोठी डिस्क येईल, मोठा ऊर्जास्रोत मिळेल असे म्हणता येते. पुंजभौतिकीने, म्हणजे सूक्ष्म कणांच्या क्वांटम भौतिकीने, घातलेली मनाई वेगळ्या जातीची आहे. १९८२ साली विल्यम वूटर्स आणि वॉय्चेख झुरेक यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे डेनिस डीक्स यांनी, असे सिद्ध केले की अज्ञात पुंज-अवस्थेची, म्हणजे सूक्ष्म कणाच्या ठाऊक नसलेल्या स्थितीची, हुबेहूब प्रत काढणारे यंत्र असूच शकत नाही. त्यामागेही एक गमतीशीर निमित्त होते. निक हर्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाहून वेगाने संदेश पाठवण्याची एक योजना मांडली होती आणि ती वरवर बिनचूक दिसत होती. तिच्यातली चूक शोधता शोधता लक्षात आले की योजनेत फोटॉनची नक्कल करता येते हे गृहीत धरले आहे, आणि नेमके तेच शक्य नाही.

ही मनाई समजायला फारसे गणित लागत नाही. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. तो उभा ध्रुवीत असेल किंवा आडवा, म्हणजे त्याच्या कंपनाची दिशा उभी असेल किंवा आडवी. समजा, आपल्याजवळ नक्कल करणारे एक यंत्र आहे : उभा फोटॉन आत टाकला की दोन उभे बाहेर येतात, आडवा टाकला की दोन आडवे. इथवर काहीच हरकत नाही. आता त्यात तिरका, पंचेचाळीस अंशांत कललेला फोटॉन टाकू. पुंजभौतिकीच्या दृष्टीने तिरका म्हणजे उभे आणि आडवे यांचे समसमान मिश्रण, आणि तिचा मूलभूत नियम असा की मिश्रण आत गेले तर बाहेरही त्या त्या परिणामांचेच मिश्रण यावे. त्यामुळे यंत्रातून 'दोन्ही उभे' आणि 'दोन्ही आडवे' यांचे मिश्रण बाहेर पडेल. ते मोजायला घेतले, तर दोन्ही फोटॉन दर वेळी एकसारखेच सापडतील. पण आपल्याला हवी होती खरी नक्कल, म्हणजे दोन स्वतंत्र तिरके फोटॉन. ते उभ्या-आडव्या कसोटीवर मोजले, तर सरासरीने निम्म्या वेळा एक उभा आणि दुसरा आडवा असे विजोड सापडायला हवेत. यंत्राकडून विजोड जोडी कधीच येत नाही. सरळ फोटॉनांची चोख नक्कल करणारे यंत्र तिरक्यापाशी फसते, ते असे. आणि आत येणारा फोटॉन कसा आहे हे आधी माहीत नसेल, तर कोणतेच यंत्र त्याची खात्रीची नक्कल करू शकत नाही.

ज्याची नक्कल होत नाही, त्याचे स्थलांतर मात्र होऊ शकते. चार्ल्स बेनेट, जिल ब्रासार, क्लोद क्रेपो, रिचर्ड जोझा, ॲशर पेरेस आणि तेच विल्यम वूटर्स या सहा जणांनी क्वांटम टेलिपोर्टेशनची रीत मांडली, आणि त्यांचा शोधनिबंध मार्च १९९३ मध्ये, म्हणजे हा भाग दाखवला जाण्याच्या दोनच महिने आधी, प्रसिद्ध झाला. या योगायोगाचे मला अजूनही नवल वाटते. रीत अशी की परस्परांशी गुंतलेल्या, म्हणजे ज्यांच्या मापनांचे निकाल एकमेकांशी जोडलेले असतात अशा, दोन कणांपैकी एक पाठवणाऱ्याकडे आणि दुसरा घेणाऱ्याकडे आधीच पोहोचवून ठेवायचा. पाठवणारा आपल्याकडचा कण आणि ज्याची अवस्था पाठवायची तो कण, या दोघांचे मिळून एकच मापन करतो. त्याचा निकाल चारांपैकी एक येतो. तो निकाल फोनवर सांगावा तसा साध्या मार्गाने कळवला, की घेणारा त्यानुसार आपल्या कणात ठरावीक फेरफार करतो आणि तिकडे मूळ अवस्था जशीच्या तशी उभी राहते. यात द्रव्य इकडून तिकडे जात नाही. जाते ती फक्त अवस्था. साधा निरोप पोहोचेपर्यंत काहीच पुरे होत नाही, म्हणून हे प्रकाशापेक्षा वेगाने घडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मापन होताच पाठवणाऱ्याकडची मूळ अवस्था नष्ट होते. १९९७ मध्ये आन्टोन त्साइलिंगर यांच्या गटाने इन्सब्रुक येथे फोटॉनवर हे करून दाखवले, २००४ मध्ये ते अणूंवर साधले, आणि २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी जमिनीवरून 'मिसियस' उपग्रहापर्यंत, १४०० किलोमीटर अंतरावर, फोटॉनची अवस्था पोहोचवली.

हे लक्षात घेऊन ला फोर्जचा खुलासा पुन्हा ऐकावा. फॅक्सच्या यंत्रात कागद घातला, की तिकडे प्रत निघते आणि इकडे कागद हातात राहतो. क्वांटम टेलिपोर्टेशन हे अशा विचित्र पत्रासारखे आहे, ज्यातला मजकूर तिकडच्या कागदावर उमटण्याआधीच इकडचा कागद कोरा झालेला असतो. ट्रान्सपोर्टर या दुसऱ्या जातीचा असता, तर दोन रायकर होणे शक्यच नव्हते. विकृती-क्षेत्राने फार तर एकही रायकर शिल्लक ठेवला नसता. ज्या अर्थी दोन झाले, त्या अर्थी हे यंत्र मुळातच फॅक्सच्या जातीचे आहे, आणि रोजच्या प्रवासात मूळ माणूस उरत नाही, तो केवळ यंत्र त्याला उरू देत नाही म्हणून. अपघाताने यंत्र बिघडले असे पात्रे समजतात. माझ्या मते अपघाताने यंत्र नेहमी काय करते तेवढेच उघडे पाडले.

विज्ञानाच्या बाजूने एक खुलासा मात्र करायला हवा, कारण नक्कल-मनाईचा दाखला देऊन पुष्कळ लेखक इथेच थांबतात. ही मनाई हुबेहूब पुंज-अवस्थेला लागू आहे. पुरेशा जवळ जाणाऱ्या ढोबळ प्रतीला ती आडवी येत नाही. माणूस जो आहे तो राहण्यासाठी त्याच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनची अवस्था जपावी लागते का? बहुधा नाही. मेंदू उबदार आणि ओला असतो, त्यात नाजूक पुंज-अवस्था अतिशय अल्पकाळ टिकतात, आणि आपल्या आठवणी चेतापेशींच्या जोडण्यांसारख्या त्यामानाने राकट रचनांत साठतात असे मानायला भरपूर आधार आहे. मग त्या जोडण्यांपुरती प्रत तत्त्वतः निघू शकते, आणि डॉक्टर क्रशरला सापडलेले 'किरकोळ फरक' अशा प्रतीत अपेक्षितच आहेत.

यावर एक सहज सुचणारे उत्तर असे, की ज्याच्या शरीरात मूळचे अणू आहेत तो खरा रायकर. हे उत्तर दोन बाजूंनी ढासळते. एक तर आपल्या शरीरातले अणू सतत बदलत असतात. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, आणि मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी जन्मभर त्याच राहत असल्या तरी त्यांच्यातले बहुतेक रेणू नव्याने घडत असतात. दुसरी बाजू अधिक मुळाला हात घालणारी आहे. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांना प्रत्येकी वेगळी ओळख नाही असे धरून मोजदाद केली आणि ती बरोबर निघाली. तेव्हापासून भौतिकशास्त्राने हे स्वीकारले आहे की एकाच जातीचे दोन कण एकमेकांपासून वेगळे ओळखण्याजोगी कोणतीही खूण निसर्गात नाही. 'हा माझा मूळचा इलेक्ट्रॉन आणि तो नवा' असे म्हणण्याची सोयच नाही, मग मूळ अणूंचा माणूस शोधायचा कुठे?

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी शरीराऐवजी स्मृतीचा निकष पुढे केला : ज्याला भूतकाळातले कृत्य आपले म्हणून आठवते, तोच तो माणूस. इथे तो निकषही दोघांना सारखेच गुण देतो, आणि एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही हे तर आपण सोडायला तयार नसतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये जवळजवळ हाच पेच मांडला होता. त्यांच्या उदाहरणात मंगळावर प्रत तयार होते आणि पृथ्वीवरचा माणूसही उरतो. त्यांचा निष्कर्ष असा की 'यांतला मी कोण' या प्रश्नाला दर वेळी ठाम उत्तर असलेच पाहिजे, ही आपली समजूतच चुकीची आहे. आठवणी, स्वभाव, इच्छा, संकल्प यांचा धागा पुढे चालू आहे की नाही, महत्त्व त्याला आहे. आणि धाग्याला दोन फाटे फुटले, तर दोन्ही फाटे आधीच्या धाग्याचेच.

या भागाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट इथे येते. 'खरा कोण' यावर तो न्यायालय भरवत नाही, आणि दोघांपैकी एकाला दुष्ट ठरवून प्रेक्षकाची सुटकाही करत नाही. निर्मितीच्या काळात म्हणे असा विचार पुढे आला होता की कमांडरलाच मारून टाकावे आणि लेफ्टनंटला मालिकेत ठेवावे. तो बारगळला, पण तसे सुचू शकले यातच दोघे किती बरोबरीचे आहेत ते दिसते. दोघांच्या भूमिका जोनाथन फ्रेक्सनेच केल्या आहेत आणि फरक दाखवला आहे तो आठ वर्षांचा. लेफ्टनंटला हुकूम पाळायची सवय राहिलेली नाही, कारण आठ वर्षे हुकूम देणारे कोणी नव्हते. कमांडरला त्याचा उतावीळपणा खुपतो, आणि तो आपलाच जुना उतावीळपणा आहे हे त्याला पुरेपूर कळते म्हणून जास्तच खुपतो.

ट्रान्सपोर्टरने माणूस दोनदा रचला, पण त्याच्या भोवतालचे जग एकदाच होते, आणि भांडण उपजते ते तिथे. नाव एकच होते. हुद्दा एकच होता. डिआना ट्रॉय एकच होती. नर्वालाच्या मोहिमेनंतर सहा आठवड्यांनी भेटायचे तिने आणि रायकरने ठरवले होते. वर पोहोचलेल्या रायकरने बढतीमागे लागून ती भेट चुकवली, आणि खाली अडकलेल्या रायकरने त्याच भेटीच्या आशेवर आठ वर्षे काढली. तो जहाजभर चिठ्ठ्या ठेवून तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी शोधत यायला लावतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मरीना सर्टिसने जे दाखवले आहे ते मी दोनदा मागे जाऊन पाहिले. ज्याने वचन मोडले आणि ज्याला ते पाळता आले नाही, ते दोघे वचन देताना एकच माणूस होते. तिने कोणावर रागवावे? जाता जाता सांगायचे, तर याच भागात ट्रान्सपोर्टर-कक्षातल्या लेफ्टनंट पामरची छोटी भूमिका मे जेमिसन यांनी केली आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या 'एंडेव्हर' यानातून खरोखर अंतराळात जाऊन आल्या होत्या, आणि या मालिकेत काम केलेल्या त्या पहिल्या प्रत्यक्ष अंतराळवीर होत.

तडजोड अखेर व्यवहाराच्या पातळीवरच होते. लेफ्टनंट आपले मधले नाव, थॉमस, पुढे घेतो आणि 'गांधी' नावाच्या जहाजावर रुजू व्हायला निघतो. ट्रॉय त्याच्याबरोबर जात नाही. पुढे १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या भगिनी-मालिकेत तो परत येतो, कमांडर असल्याचे भासवतो आणि त्या सोंगावर एक युद्धनौका पळवतो. तेव्हा त्याच्या दाढीची ठेवण वेगळी असते. कमांडरसारखे दिसण्यासाठी लावलेले खोटे कल्ले तो काम होताच गालावरून उपटून काढतो. जनुके, आवाज आणि चेहरा यांसाठी त्याला काहीच करावे लागले नव्हते.

पण तो प्रसंग नंतरचा. 'सेकंड चान्सेस'च्या शेवटी थॉमस सामान बांधत असताना कमांडर त्याच्या खोलीत येतो, तेव्हा त्याच्याजवळ ट्रॉम्बोन असतो. हे वाद्य दोघेही वाजवतात, एकाच हातांनी शिकलेले. त्या दिवशी ते किरणात नव्हते, म्हणून त्याचा दुसरा नग झाला नाही. कमांडर ते थॉमसला देऊन टाकतो.